एकदाच चाखायचं

दूध खारट आहे.

*

कँटीनमध्ये खिडकीजवळच्या एका खुर्चीसमोर रोज मिठाची बाटली ठेवलेली असायची. बाकीच्या टेबलांवर मीठ मागून घ्यावं लागे.

*

आकाशातून आलेला दगड शिल्लक राहत नाही. आपटताक्षणी त्याची वाफ होते. शिल्लक राहतो तो खड्डा, आणि खड्ड्याखाली खोलवर तडकलेला खडक.

*

सात वर्षांची मुलगी. डोळ्यांवर आईचा रुमाल बांधलेला. जीभ बाहेर.

*

कपाटात बाईंचा टाल्कम पावडरचा डबा होता. त्याला कसलाच वास येत नसे.

*

"मूत्रपिंडं थकली की जिभेचं काही खरं नसतं," डॉक्टर म्हणाले. "साखर भरवलीत तरी खारट म्हणतील. वाद घालू नका."

*

हे सगळं एकाच घराचं आहे. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारावर नावाची पाटी नाही. घरात तीन माणसं: नवरा, बायको आणि त्यांची मुलगी. मुलगी आता तिथे राहत नाही, येऊन जाऊन असते. नवऱ्याला ऑफिसात खड्डेसाहेब म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं.

तो तेल कंपनीत भूवैज्ञानिक होता. जमिनीची ओढ सगळीकडे सारखी नसते, खाली जड खडक असेल तिथे जरा जास्त, फुसका असेल तिथे जरा कमी. हे बारीक फरक मोजून तो नकाशे काढायचा. अशाच एका नकाशात, ओसाड पठाराखाली, त्याला वर्तुळ सापडलं. इतकं गोल, की त्याने आधी आपलीच मोजणी चुकली म्हणून ती पुन्हा केली. वर्तुळ हललं नाही.

मग त्याने मीटिंग मागितली.

"इथे कधीकाळी लघुग्रह आपटलाय," तो नकाशाला बोट लावून म्हणाला. "आता त्यावर दोन किलोमीटर गाळ आहे, म्हणून वरून पठार दिसतं. दगडाने तेल आणलं नाही, तसं मी म्हणत नाही. दगडाने जागा केली. खालचा खडक काचेसारखा फुटला, सगळ्या बाजूंनी फटीच फटी. खड्ड्यात पाणी साचलं. साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढलं, मेलं, तळाला बसलं. वर आणखी गाळ बसून झाकण लागलं. शेवाळाचं तेल झालं, तेल फटींत शिरलं, झाकणाने त्याला धरून ठेवलं. आपण म्हणतो पठारात तेल नाही. तेल ठेवायला जागा कुठे आहे, हे आपण बघितलंच नाही."

मुख्य अधिकारी पेन्सिलीने कान खाजवत ऐकत होते. "गोल तर मिठाचा डोंगरही असतो," ते म्हणाले. "जमिनीखालून मीठ वर ढकललं गेलं की नकाशावर असंच वर्तुळ उमटतं. तुमच्या शेजारच्याच भागात मिठाला लागून आपण दोन विहिरी खणल्या, दोन्ही कोरड्या. हे मीठ नाही कशावरून?"

खड्डेसाहेबांनी, तेव्हा त्यांचं ते नाव पडायचं होतं, खिशातून दगडाचा तुकडा काढला. पठारावरच्या जुन्या, अर्धवट सोडलेल्या विहिरीतला. आणि सगळ्यांसमोर जिभेने चाटला.

"मीठ नाही," ते म्हणाले.

आता दगड चाटण्यात तसं नवल काही नाही. या धंद्यातले सगळेच चाटतात. चिकणमातीचा दगड जिभेला चिकटतो, मिठाचा खारट लागतो, दगड ओला झाला की त्याचे कण नीट दिसतात. पण ते रानात, कुणी बघत नसताना. भरल्या मीटिंगमध्ये, कोऱ्या शर्टात, पुरावा म्हणून कोणी जीभ काढत नाही.

मग एक हसला, मग सगळे.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच्या खुर्चीसमोर मिठाची बाटली होती. ती ठेवणारा खात्यातला सगळ्यात धाकटा होता, नुकताच लागलेला, हुशार. खड्डेसाहेब बसले. बाटली बाजूला केली नाही. तिच्याकडे बघत जेवले. तिसऱ्या दिवशीही बाटली होती. महिन्याने त्यांची बदली कोअरच्या गोदामात झाली, म्हणजे जिथे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या गोल कांड्या पेट्यांत भरून ठेवतात तिथे. कँटीन मात्र तेच, खुर्ची तीच, बाटलीही तीच. निवृत्त होईपर्यंत.

*

मीटिंगच्या त्या संध्याकाळी त्याने घरातलं सगळं मीठ बेसिनमध्ये ओतलं आणि वर नळ सोडला.

"हे काय करताय?" बायको म्हणाली.

"मीठ खाऊन जीभ बोथट होते. उद्या पुन्हा चाखायची वेळ आली तर माझ्या जिभेवर कुणी बोट ठेवता कामा नये."

"मग तुमच्यापुरतं अळणी करते."

"घरात एक चूल आहे की दोन?"

एकच होती. त्या दिवसापासून त्या घरात अळणी शिजलं. पाहुणे येत, पहिला घास घेत, एकमेकांकडे बघत. बाई म्हणत, "आमच्याकडे असंच असतं." हळूहळू पाहुणे जेवायच्या वेळा टाळून यायला लागले, मग यायचेच बंद झाले.

बाई टाल्कम पावडरच्या डब्यात मीठ ठेवायच्या. दुपारी कपाट उघडून, दाराआड उभं राहून, तळहातावर चिमूटभर घेऊन चाटायच्या. मुलीने एकदा पाहिलं. आईने डबा तिच्यापुढे धरला. दोघी कपाटात तोंड घालून उभ्या, एकीची जीभ एका तळहातावर, दुसरीची दुसऱ्यावर.

*

खड्ड्याचा काठ फार काळ उभा राहत नाही. सुटलेले कडे आत कोसळतात. मधला भाग उसळी मारून वर येतो आणि तिथेच गोठतो. काही काळ काहीच घडत नाही. मग पाणी येतं.

*

मुलीला बापाने तयार केलं. त्याला तो खेळ म्हणायचा. डोळ्यांवर रुमाल, जीभ बाहेर, जिभेवर दगड. खडू, चिकणमाती, वाळूचा दगड, मिठासारखा दिसणारा पण बेचव जिप्सम, मीठ. नियम एकच: एकदाच चाखायचं. "दगड दुसऱ्यांदा विचारायला येत नाही," तो म्हणायचा. चुकलं तर पुढचं जेवण उभ्याने.

ती फारशी चुकत नसे. सातव्या वर्षापर्यंत तर जवळजवळ नाहीच. म्हणून एका रविवारी त्याने ऑफिसातल्या तिघांना घरी बोलावलं. त्यांत बाटलीवालाही होता.

"तुम्ही हसता ना," तो म्हणाला. "बघा. लहान पोर ओळखतं."

तिने खडू ओळखला. चिकणमाती ओळखली. दोन वाळूच्या दगडांतला कुठला चुन्याने बांधलाय हेही सांगितलं. तिघे आधी हसत होते, मग पुढे सरकून बसले. बाटलीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या जागी हिलाच घेऊ या की. मुलगी बापाच्या वरचढ आहे."

सगळे हसले. मनापासून, कुणाला दुखवायचं नव्हतं. रुमालाखाली मुलगीही हसली.

बाप उठला, आतून एक पांढरा दगड घेऊन आला आणि तिच्या जिभेवर टेकवला.

"जिप्सम," ती म्हणाली.

"चूक. मीठ."

"परत चाखू?"

"एकदाच."

त्याने दगड कोटाच्या खिशात टाकला. तिने स्वतःच रुमाल काढला आणि समोरच्या तीन तोंडांकडे पाहिलं. बाटलीवाला तिची समजूत घालायला म्हणाला, "असू दे गं, मिठाने भलेभले फसतात," आणि त्यावर ते पुन्हा हसले.

पुढे कितीतरी वर्षं, कुणीही आलं की बाप ही गोष्ट सांगायचा. तिच्या शाळेच्या बाईंना, शेजाऱ्यांना, तिला बघायला आलेल्या मुलाच्या आईवडिलांना. "हिला मीठ कळत नाही," तो म्हणायचा. "अळणी घरात वाढली, कळणार कसं?" आणि स्वतःच हसायचा. मुलाकडचे चहा पिऊन गेले, परत आले नाहीत. अर्थात त्याचं कारण ही गोष्टच होती असं नाही. चहात साखर होती, पण बाकी सगळंच अळणी होतं.

*

"मग बापाच्याच कंपनीत कशाला लागलीस?" लोक तिला विचारायचे.

"घरी दगडांशिवाय काही चवीचं मिळालंच नाही," ती म्हणायची.

*

बाटलीवाला आता साहेब झाला होता. जाड चष्मा, पोट, गुडघे दुखायचे. जगात इतर ठिकाणी अशाच गाडलेल्या खड्ड्यांत तेल लागल्याचं त्याने वाचलं होतं. एके दिवशी त्याने गोदामातून तो जुना नकाशा मागवला, टेबलावर पसरला, आणि वर्तुळाच्या कडेवरून बोट फिरवलं. नंतर खोदाईची रिग पाठवली. विहिरीवर भूवैज्ञानिक म्हणून मुलीची नेमणूक केली. तिनेही मागून घेतली असती, पण मागावी लागली नाही.

पठारावर वारा थांबत नसे. पत्र्याच्या केबिनमध्ये चहाच्या कपात धूळ. रिगच्या चाळणीवर चिखलातून खडकाचा चुरा येत राहायचा आणि ती तो धुऊन, वाळवून, भिंगाखाली घालून बघत राहायची. गाळ. गाळ. आणखी गाळ. मग काळी, शेवाळी माती, हाताला तुपासारखी लागणारी. मग झाकण संपलं आणि खालचा खडक लागला. तिथे कोअर कापायला सांगितलं.

कांडी वर आली ती अखंड नव्हती. फुटक्या कपासारखी, तुकडे एकमेकांत अडकलेले. आणि प्रत्येक फटीतून तपकिरी काहीतरी पाझरत होतं. रिगवरची माणसं वासानेच जवळ आली. एकाने बोट लावून बघितलं आणि बोट शेजाऱ्याच्या शर्टाला पुसलं. शेजाऱ्याने त्याला शिवी दिली आणि दोघे हसत सुटले.

तिने खडकाची पातळ चकती घासून मायक्रोस्कोपखाली ठेवली. क्वार्ट्झच्या कणांत रेघा होत्या. सरळ, समांतर, कंगव्याने ओढल्यासारख्या. त्यांना छेद देणाऱ्या दुसऱ्या. तिसऱ्याही. ज्वालामुखीला हे जमत नाही, भूकंपाला नाही, मिठाला तर नाहीच. असा मार खडकाला एकाच प्रकारे बसतो.

ती उठली, केबिनला आतून कडी लावली, आणि शेजारचा तुकडा जिभेला लावला. दगडासारखा लागला.

*

"बाबांना सांगितलंस?" साहेब म्हणाले. ते गाडीतून उतरून सरळ तिच्याकडे आले होते, बुटांवर चिखल.

"नाही."

"मी येतो. मी सांगतो त्यांना." त्यांनी बुटाचा चिखल केबिनच्या पायरीवर घासला. "ती बाटली मी ठेवायचो."

"माहीत आहे."

"त्यांना माहीत होतं?"

"आमच्या घरी तुमचं नाव मीठवाला असंच आहे."

साहेब हसायला गेले, पण जमलं नाही. "मग येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर बाबा तुम्हाला तासभर उभं करतील आणि त्यांना तेवढी ताकद नाही. मी सांगते."

"नक्की सांगशील ना? दिवस फार नाहीत म्हणालीस."

"नक्की."

तिला खरंच सांगायचं होतं. हे इथे नोंदवून ठेवायला हवं. तिने कोअरचा बोटभर तुकडा निवडला, चिखलाचं मीठ राहू नये म्हणून ब्रशने घासला, नळाखाली धुतला, पुन्हा धुतला, उन्हात वाळवला आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळला. वाटेत बसमध्ये ती वाक्य जुळवत होती. जुळलं तेही अगदी साधं: बाबा, तुम्ही बरोबर होतात.

*

पाण्यावर गाळ बसतो, गाळावर गाळ. वरच्याचं ओझं खालच्यावर पडतं. खालचा तापतो. दाबाखाली राहिलेलं काहीच पूर्वीसारखं राहत नाही. हे वाईट आहे असं नाही. असंच तेल होतं.

*

आई स्वयंपाकघरात भाज्यांचं सूप गाळत होती. दुपारची वेळ, खिडकीतून उन्हाचा पट्टा ओट्यावर आलेला.

"दूध खारट म्हणाले," आई म्हणाली. "पाणी खारट. सकाळी औषधाची गोळी खारट. ताट फेकलं माझ्या अंगावर. म्हणाले, तू मीठ घालतेस, मला ठाऊक आहे, माझी जीभ मारायला घालतेस."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला."

"मला सांगितलंय. ह्यांना कोण सांगणार? तुमची जीभ गेली म्हणून? ह्यांना डोळे गेलेले चालले. पाय गेले, तेही चालले."

मुलीने फडकं उलगडलं आणि तुकडा ओट्यावर ठेवला. "खड्डाच निघाला, आई. तेलही लागलं. बाबा म्हणत होते तसं, अक्षरशः."

आईने दगडाकडे पाहिलं. हात पुसले. पुन्हा पाहिलं.

"हेच का ते?"

"हेच."

"मग ते बरोबर होते म्हणायचे."

"हो."

"सगळं? मीठ ओतलं ते? तुला उभ्याने जेवायला लावायचे ते?"

"ते कुठे यात आलं?"

"ह्यांच्यासाठी ते सगळं यातच आहे." आईने सूप वाडग्यात ओतलं. "सांग. बापाला सांगणार नाहीस तर कुणाला. मी फक्त एवढंच म्हणते, की ह्यांना बरोबर असताना तू बघितलेलं नाहीस. मी बघितलंय. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते सारखे बरोबर असायचे."

मुलगी हसली. आईही.

"तोही दगडच," आई म्हणाली. "घरावर पडला. फुटलो आम्ही सगळ्या बाजूंनी. तेल कुठे निघालं?"

*

खोलीत औषधांचा आणि ओल्या चादरीचा वास होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, सवयीने, वरून खाली, कांडी पेटीत ठेवल्यावर पाहतात तसं. केस विरळ, पांढरे. डोळे उघडे, उपयोग नाही. कातडी पिवळट करडी, खाजवल्याचे ओरखडे. ओठांना उभ्या भेगा. पाय सुजलेले, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा.

"आलीस," तो म्हणाला. "टाच घासत चालतेस अजून. विहीर झाली?"

"झाली."

"कोअर कापला?"

"कापला. बाबा, ऐका—"

"सांगू नकोस."

"तुम्ही—"

"सांगू नकोस म्हटलं ना. जन्मभर मला लोकांनी सांगितलं. तुकडा आणलास?"

"आणलाय. पण आधी माझं ऐकून घ्या. तुमची तब्येत, औषधं, त्यामुळे चव—"

"तुझं काय ऐकायचं?" तो हसायला लागला, हसताना खोकला, खोकताना पुन्हा हसला. "मिठाला जिप्सम म्हणणारी तू. मीठवाल्यासमोर नाक कापलंस माझं. त्याला अजून आठवत असेल. तुझं ऐकून मी मरू? आण इकडे."

त्याने हात पुढे केला. बोटं हवेत उघडमीट करत होती.

दारात आई येऊन उभी राहिली होती. हातात वाडगा, त्यात चमचा.

मुलीने तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

त्याने अंगठा फिरवला. "कडा धारदार आहेत. फुटलेलं आहे." चेहरा उजळला, अगदी थोडा. वास घेतला. मग जीभ बाहेर आली, पांढरा थर बसलेली, मध्ये चिरलेली, आणि दगडाला टेकली. त्याने डोळे मिटले. न दिसणारे डोळे, तरी मिटले.

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं. गाडी सुरू होत नव्हती.

"खारट," तो म्हणाला.

आईने वाडगा दुसऱ्या हातात घेतला.

"धुतला होतास?"

"हो."

"नीट? चिखलात मीठ असतं."

"ब्रशने घासलाय. नळाखाली दोनदा धुतलाय."

यातला शब्द न्‌ शब्द खरा होता.

"म्हणजे मीठच," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मीठच होतं ते."

बसमध्ये जुळवलेलं वाक्य अजून तिच्या तोंडात होतं. त्याला आता फक्त आणखी एक वाक्य पुढे जोडावं लागलं असतं: तुमची जीभ गेलीय, दूधही तुम्हाला खारटच लागतं. दोन वाक्यं. खालची गाडी सुरू होण्याआधी बोलून झाली असती.

त्याने हात पुन्हा पुढे केला. दगड त्यातून निसटून चादरीवर पडला होता आणि तो चाचपत होता. दगड त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होता.

"परत चाखू?" तो म्हणाला.

मुलीने दगड उचलला.

"एकदाच," ती म्हणाली.

त्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि चादरीखाली ठेवला.

*

"बाटली मी हलवली नाही," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "रोज समोर असायची. म्हटलं, विहीर खणतील त्या दिवशी मीठवाल्याच्याच हाताने उचलायला लावीन."

मग म्हणाला, "अगं."

"काय?" आई म्हणाली.

"घरात मीठ आणा आता. काय राहिलंय."

आई गेली. कपाटाचं दार वाजलं. ती टाल्कमचा डबा घेऊन आली, तो सुपावर उलटा करून दोनदा झटकला, ढवळलं, आणि त्याला चमचा भरवला.

त्याने गिळलं. वाट पाहिली. आणखी एक चमचा.

"तसंच लागतंय," तो म्हणाला.

"कसं?"

"रोज लागतं तसंच. काही फरक नाही." त्याचं कपाळ आक्रसलं. सगळं आयुष्य नमुने ताडून बघणारा माणूस, तो हेही ताडून बघत होता. "म्हणजे तू रोजच घालत होतीस."

आईने मुलीकडे पाहिलं नाही. चमचा वाडग्याच्या कडेला निथळवला.

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही बेसिनमध्ये ओतलंत ना, त्याच संध्याकाळपासून."

"म्हणजे माझी जीभ कधीच..."

"कधीच नाही," आई म्हणाली. "तोंड उघडा. निवतंय."

त्याने तोंड उघडलं.

*

जिन्यात साहेबांचा फोन आला.

"सांगितलंस?"

"त्यांनी स्वतः चाखून पाहिलं."

"वा. शोभतं त्यांना. काय म्हणाले?"

"फार बोलले नाहीत."

"भरून आलं असेल," साहेब म्हणाले, आणि त्यांचाच आवाज भरून आला. "चला. बरं झालं. वेळेत झालं."

एका सायकलचं हँडल तिच्या पिशवीत अडकलं. तिने ते सोडवलं. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला दगड होता. फडक्याला तपकिरी डाग पडला होता, कारण धुतल्यावरही तुकडा आतून पाझरतच होता.

*

तो आठवड्याने गेला. शेवटचे दिवस त्याने ताट फेकलं नाही. समोर येईल ते खाल्लं, पाणी मागितलं नाही, कुणाला काही ओळखायला लावलं नाही. शेजारीण म्हणाली, शेवटी किती शांत झाले होते.

साहेब भेटायला आले. चष्मा पुसत बसले. आईने त्यांना जेवायला थांबवलं. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले. आईच्या हाताला अजून अंदाज नव्हता. फार मीठ पडलं होतं.

खड्ड्याला कंपनीने त्याचं नाव दिलं. खरं आडनाव, टोपणनाव नाही. पाटीचा फोटो मुलीला पाठवला. पाटीखाली साहेब उभे होते आणि पलीकडे विहिरीवरची ज्योत दिसत होती.

*

सातव्या वर्षी तिने चाखलेला तो पांढरा दगड जिप्सम होता.